ऑनलाइन दुकानाची पानं गूगलवरून पुन्हा पुन्हा गायब होतात? या क्रमाने तपासा

‘रँकिंग पडलं’ या दोन शब्दांखाली निदान चार-पाच वेगवेगळे बिघाड येतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून आधी आपलं लक्षण यातलं कोणतं, ते ठरवा.

- दुकानाचं नाव टाकलं की होमपेज येतं, पण वस्तूचं नाव टाकलं तर आपलं पान शोधूनही सापडत नाही.
- पान येतं, पण भलतंच: लाल रंगाचा फिल्टर लावलेली यादी, दुकानाच्या शोधपेटीचं पान किंवा कधीच बंद झालेलं मॉडेल.
- थीम, प्लगइन किंवा प्लॅटफॉर्म बदलल्यावर दोन-चार आठवड्यांत हळूहळू उतरण लागते. दुरुस्त केलं की सुधारतं आणि पुढच्या अपडेटनंतर पुन्हा तेच.
- वस्तूचं पान दिसतं, पण तिसऱ्या-चौथ्या पानावर रुतून बसलेलं असतं.
- स्थान तेच, इम्प्रेशनही (निकालात पान किती वेळा दिसलं) तेवढेच, फक्त क्लिक कमी झालेत.
- दुकानाच्या नावाखाली अनोळखी भाषेतली, तुम्ही कधीच न लिहिलेली पानं दिसतात.

शेवटून दुसरं लक्षण रँकिंगच्या बिघाडाचं नाहीच. निकालांच्या वर जाहिराती, वस्तूंच्या चित्रांची पट्टी किंवा एआयने दिलेलं उत्तर आलं की पहिल्या क्रमांकाचेही क्लिक घटतात. तिथे साइट उसकटून काही हाती लागत नाही. शेवटचं लक्षण दिसलं तर खालचं सगळं सोडा आणि थेट दुसऱ्या, म्हणजे सुरक्षेच्या तपासणीवर जा.

मोजायचं कशाने

स्वतःच्या फोनवर शोधून निष्कर्ष काढू नका. ठिकाण, भाषा आणि आधीचे शोध यांप्रमाणे निकाल बदलतात. शिवाय स्वतःचं दुकान रोज उघडणाऱ्याला ते जरा वरच दिसण्याची शक्यता असते. ‘साइट’ लिहून, कोलन देऊन डोमेन शोधण्याची युक्तीही मोजणीसाठी कामाची नाही, कारण त्यात सगळी पानं येतातच असं नाही.

गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन, फुकट आहे. प्रॉपर्टी (म्हणजे आपली साइट) जोडताना ‘डोमेन’ हा प्रकार निवडा. त्याला डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंग्जमध्ये) टीएक्सटी रेकॉर्ड टाकावा लागतो, पण मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले, नसलेले, एचटीटीपी, एचटीटीपीएस असे सगळे पत्ते एकाच ठिकाणी येतात. परफॉर्मन्स अहवालात १६ महिन्यांची माहिती मिळते. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी करा. हंगामी मालाच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग दुकानाच्या नावाचे शोध फिल्टर लावून वगळा. उरतात ते खरे अनोळखी ग्राहकांचे शोध.

सरासरी स्थानाच्या आकड्याने घाबरून जाऊ नका. तुमचं पान नव्या शंभर शोधांसाठी साठाव्या क्रमांकावर दिसू लागलं तर ती प्रगतीच आहे, पण सरासरी मात्र खाली जाते. एक शोध आणि एक पान निवडून बघा.

घसरणीची तारीखही लिहून ठेवा. गूगल आपल्या मोठ्या बदलांच्या, म्हणजे कोअर अपडेटच्या तारखा सर्च स्टेटस डॅशबोर्डवर जाहीर करतं. तारीख जुळत असेल तर अपडेट पूर्ण होऊन निदान एक आठवडा जाऊ द्या आणि मगच आधीच्या आठवड्याशी तुलना करा. तारीख तुमच्या थीम-अपडेटशी जुळत असेल, तर बिघाड बहुधा घरातलाच आहे.

१. तो एक टिक

पाच मिनिटांचं, बिनखर्चाचं काम, पण बराच वेळा घोडं इथेच पेंड खातं. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ पानावर सर्च इंजिनांना साइट इंडेक्स करू नका, म्हणजे आपल्या यादीत घेऊ नका, असं सांगणारा चौकोन असतो. साइट बनवताना तो लावतात आणि चालू करताना काढायचा राहतो. किंवा चाचणीची प्रत खऱ्या साइटवर चढवताना तोही बरोबर येतो. शॉपिफायमध्ये दुकानाचं पासवर्ड-पान चालू राहिलं तरी परिणाम तोच. एसईओच्या (शोधात वर येण्यासाठीच्या) प्लगइनमध्ये वस्तू, वर्ग आणि टॅग यांच्यासाठी नोइंडेक्सची, म्हणजे ‘हे पान यादीत घेऊ नका’ या खुणेची, वेगवेगळी बटणं असतात, तीही पाहा.

मग सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत एका वस्तूचा पत्ता टाका. पहिलं उत्तर मिळतं ते गूगलने शेवटचं पाहिलं तेव्हाचं. ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ दाबल्यावर मिळतं ते आत्ताचं. दोन्ही वेगळी असतील तर बिघाड केव्हा शिरला किंवा गेला, याचा माग लागतो. दोन्हींत नोइंडेक्स दिसत असूनही पानाच्या कोडमध्ये तो टॅग सापडत नसेल, तर सर्व्हरच्या हेडरमध्ये (पानासोबत जाणाऱ्या, न दिसणाऱ्या माहितीत) ‘एक्स-रोबोट्स-टॅग’ शोधा. तो पानाच्या सोर्समध्ये दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं निसटतो.

रोबोट्स डॉट टीएक्सटी ही गूगलने साइटवर कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल ब्राउझरमध्ये उघडून वाचा. सगळ्यांसाठीच्या किंवा गूगलबॉटसाठीच्या भागात ‘डिसअलाऊ’पुढे नुसती एक तिरपी रेघ असेल तर सगळं दुकान बंद आहे. इथे एक गल्लत नेहमी होते: रोबोट्सने अडवलेलं पान गूगल उघडतच नाही, त्यामुळे त्यावरचा नोइंडेक्सही त्याला दिसत नाही. पान इंडेक्समधून काढायचं असेल तर आधी वाट मोकळी ठेवून नोइंडेक्स लावा. पान निघून गेल्यावर हवं तर अडवा. उलट क्रमाने केलं तर पान वर्णनाविना, नुसत्या पत्त्याने निकालात लटकत राहू शकतं.

२. दंड आणि घुसखोरी

सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ आणि ‘सिक्युरिटी इश्यूज’ ही दोन पानं उघडा. दोन्हीकडे काही नसेल तर पुढे चला; ‘गूगलने आपल्याला शिक्षा केली’ ही शंका बहुतेक वेळा इथेच संपते. काही असेल तर बाकी कुठलीही सुधारणा तोवर वाया जाते. सिक्युरिटीच्या पानावर नोंद नाही, पण इंडेक्समध्ये भलत्या भाषेतली पानं आहेत, असंही होतं. हल्लेखोर ती पानं फक्त गूगलच्या क्रॉलरलाच (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामलाच) दाखवतात. तुम्ही उघडलीत तर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, येतं. म्हणून ती ब्राउझरने नको, यूआरएल इन्स्पेक्शननेच, म्हणजे सर्च कन्सोलच्या त्याच वरच्या पट्टीने तपासा. घुसखोरी निघाली तर इथेच थांबा आणि माणूस बोलवा. नुसती पानं पुसून मागचं दार बंद होत नाही, आणि पानं आठवड्याभरात परत उगवतात.

३. साइटमॅप

साइटमॅप, म्हणजे दुकानातल्या पानांच्या पत्त्यांची फाइल, चढवल्याने रँकिंग वाढत नाही. तो तपासायचा वेगळ्याच कारणासाठी: दुकान स्वतःच गूगलला चुकीची यादी देतंय का, ते कळतं. त्यातले दहा-बारा पत्ते उघडून पाहा. प्रत्येक पत्ता थेट उघडायला हवा, रीडायरेक्ट होता, म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे वळता कामा नये. त्यावर नोइंडेक्स नसावा आणि पानातल्या कॅनॉनिकल टॅगमध्ये (मुख्य पत्ता कोणता ते सांगणाऱ्या ओळीत) तोच पत्ता अक्षरशः तसाच असावा, शेवटच्या तिरप्या रेघेसकट. एका फाइलची मर्यादा ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी, त्यामुळे छोट्या दुकानाला आकाराची अडचण येत नाही. प्रायॉरिटी आणि चेंजफ्रिक्वेन्सी हे रकाने गूगल वाचतच नाही. बदलाची तारीख वाचतं, पण ती खरी असेल तरच. रोज रात्री सगळ्या वस्तूंवर आजची तारीख ठोकणारं प्लगइन त्या तारखेचा भरवसा घालवतं.

४. ‘पेजेस’ अहवालातलं कारण वाचा

इथून पुढची वाट या अहवालावर ठरते. इंडेक्समध्ये नसलेल्या पानांचा आकडा मोठा दिसला म्हणून दचकू नका. कार्ट, लॉगिन, फिल्टर यांची पानं तिथेच असायला हवीत. बघायचं ते एवढंच, की विकायच्या वस्तू त्यात आहेत का आणि कोणत्या कारणाखाली.

‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता कळलाय, पण गूगल अजून तिथे गेलेलं नाही. सर्व्हर मंद असतो किंवा त्या पानाकडे दुकानातून धड लिंक नसते. पाचवी आणि सातवी तपासणी करा.

‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे गूगल आलं, पाहिलं आणि ठेवलं नाही. मजकूर पातळ आहे किंवा असंच पान दुसरीकडे आहे. आठवी पाहा.

‘डुप्लिकेट, गूगल चोझ डिफरंट कॅनॉनिकल’ म्हणजे तुम्ही सांगितलेलं मुख्य पान गूगलला मान्य नाही. पाचवी.

‘सॉफ्ट ४०४’ म्हणजे पान उघडतं, पण आत काही नाही असं गूगलचं मत आहे. सहावी.

‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’चं बटण एका पानासाठी एकदाच दाबा. त्याला रोजची मर्यादा आहे, आणि तेच पान पुन्हा पुन्हा पाठवून रांगेत पुढे जाता येत नाही.

५. एका वस्तूला किती पत्ते आहेत?

हा बिघाड सगळ्यात हट्टी, कारण तो दुकान स्वतःच रोज नव्याने तयार करतं. एक वर्ग घ्या: पाण्याच्या बाटल्या, एकूण ४० नग. फिल्टर असे: ६ रंग, ४ मापं, ५ किंमतगट आणि मांडणीचे ४ क्रम. प्रत्येकातला एकेक निवडला तरी ६ × ४ × ५ × ४ म्हणजे ४८० पत्ते होतात. आधी रंग मग माप निवडल्यावर एक पत्ता आणि आधी माप मग रंग निवडल्यावर दुसरा, असं थीम करत असेल तर आकडा आणखी फुगतो. ४० बाटल्यांसाठी गूगलपुढे शेकडो जवळपास सारख्या याद्या येतात. त्यातली कोणती दाखवायची हे ते स्वतः ठरवतं. म्हणून कधी लाल रंगाची यादी वर येते, तर कधी ‘किंमत: कमी ते जास्त’.

वस्तूच्या पानाचंही तसंच. वर्गातून गेलं तर पत्त्यात वर्गाचं नाव, शोधपेटीतून गेलं तर ट्रॅकिंगचं शेपूट, रंग निवडला की व्हेरियंटचा क्रमांक. या सगळ्या पत्त्यांवरच्या कॅनॉनिकल टॅगने एकच पत्ता दाखवला पाहिजे. तपासायला सोपं आहे: तेच पान तीन वाटांनी उघडा, दर वेळी सोर्समध्ये ‘कॅनॉनिकल’ शोधा आणि तिन्ही पत्ते एकाखाली एक लिहा. जुळत नसतील तर रोग सापडला.

कॅनॉनिकल हा हुकूम नाही, सूचना आहे. टॅग एक पत्ता सांगतो, साइटमॅप दुसरा आणि मेनूतल्या लिंका तिसऱ्याकडे जातात, अशा वेळी गूगल टॅग बाजूला ठेवू शकतं. टॅग बरोबर असूनही दुखणं जात नाही तेव्हा कारण बहुतेक हेच असतं. शॉपिफायच्या काही थीम वर्गाच्या यादीतून वर्गाचं नाव असलेल्या लांब पत्त्यावर लिंक देतात आणि कॅनॉनिकल आखूड पत्त्याचा असतो. लिंकाही आखूड पत्त्यावर न्या. थीममधली ती ओळ बदलणं छोटं काम आहे, फक्त थीमची प्रत काढून मग हात लावा.

फिल्टरच्या पानांचं काय करायचं? ज्या जोडीला लोक खरंच शोधतात, समजा ‘एक लिटर स्टील बाटली’, तिच्यासाठी स्वतंत्र वर्ग बनवा. त्याला स्वतःचं शीर्षक आणि चार ओळींचा मजकूर द्या. बाकी फिल्टर इंडेक्समध्ये नकोत. ते अजून शिरले नसतील तर रोबोट्समध्ये अडवणं पुरतं. शिरले असतील तर पहिल्या तपासणीतला क्रम पाळा: आधी नोइंडेक्स, मग अडथळा.

वर्गाच्या दुसऱ्या, तिसऱ्या पानाचा कॅनॉनिकल मात्र पहिल्या पानाकडे वळवू नका. त्यांवरच्या वस्तू वेगळ्या आहेत. वळवलंत तर त्या वस्तूंकडे जाणारी वाटच आपण बुजवली असं होतं.

६. संपलेला माल

दर हंगामानंतर रँकिंग का पडतं, याचं उत्तर बहुधा इथे असतं. माल संपला की दुकानदार पान ‘ड्राफ्ट’ करतो, माल आला की पुन्हा उघडतो. मधल्या काळात गूगलला ४०४ मिळतं, पान इंडेक्समधून जातं आणि परतल्यावर जुनं स्थान मिळेलच याची खात्री नसते.

माल परत येणार असेल तर पान तसंच उघडं ठेवा, ‘स्टॉक संपला’ असं स्पष्ट लिहा, स्ट्रक्चर्ड डेटामध्ये (किंमत, उपलब्धता वगैरे गूगलला सांगणाऱ्या कोडमध्ये) उपलब्धता बदला आणि खाली मिळत्याजुळत्या वस्तू दाखवा. पानावर ‘उपलब्ध नाही’ एवढी एकच ओळ आणि बाकी रिकामं असेल तर सॉफ्ट ४०४ची नोंद होते. वस्तू कायमची बंद झाली आणि तिची थेट जागा घेणारं मॉडेल असेल तर त्याकडे ३०१ (कायमचा) रीडायरेक्ट द्या. तसं मॉडेल नसेल तर सरळ ४०४ किंवा ४१० (पान कायमचं गेलं) येऊ द्या. त्यात काही बिघडत नाही. सगळी मेलेली पानं होमपेजकडे वळवणं मात्र टाळा. ग्राहक वैतागतो, आणि गूगल त्यांना सॉफ्ट ४०४च समजतं.

दुकान काही दिवस बंद ठेवायचं असेल तर फक्त खरेदीचं बटण बंद करा. सगळी साइट ५०३वर (तात्पुरती बंद) टाकली आणि ते काही दिवसांहून लांबलं, तर पानं गळू लागतात.

७. आतल्या वाटा

गूगलचा क्रॉलर ‘आणखी दाखवा’ हे बटण दाबत नाही. वर्गात पहिल्या २४ वस्तू दिसतात आणि बाकी बटणामागे असतील, तर पंचविसाव्या वस्तूपर्यंत जाणारी खरी लिंक हवी, म्हणजे ‘ए’ टॅग आणि त्यात ‘एचरेफ’. माउस लिंकवर नेल्यावर खाली पत्ता दिसला नाही, तर ती लिंक नसून बटण आहे असं समजा. होमपेजवरून तीन-चार क्लिकमध्ये प्रत्येक वस्तू सापडावी. सर्वांत जास्त खपणाऱ्या आठ-दहा वस्तूंना होमपेजवरून थेट लिंक द्या. तिथे मोठं फिरतं बॅनर ठेवण्यापेक्षा हे उपयोगी.

८. वस्तूचं वर्णन

इथून पुढे मेहनत आहे. उत्पादकाने दिलेला परिच्छेद तुमच्यासारख्याच शेकडो दुकानांनी जसाच्या तसा चिकटवलेला असतो. त्याने दंड होत नाही, पण सारख्या पानांतून गूगल एक-दोनच दाखवतं आणि ती तुमची असण्याचं काही कारण नसतं.

‘उत्तम दर्जाची, टिकाऊ, आकर्षक बाटली’ या ओळीला कुणी शोधत नाही. लिहायचं ते असं: तोंडाचा व्यास ४.५ सेंमी, बर्फाचे साधे खडे आत जातात; तळाचा व्यास ७.३ सेंमी, गाडीच्या कपहोल्डरमध्ये मावते का ते मोजून पाहा. रिकामी वजन ३१० ग्रॅम. झाकणाची रबरी रिंग सुटी मिळते. डिशवॉशरमध्ये टाकू नका, बाहेरचा रंग जातो. ही माहिती माल हातात असलेल्यालाच देता येते, आणि लोक शोधतात तेही हेच. ग्राहकांचे फोन आणि मेसेज चाळा, जो प्रश्न तीनदा आला त्याचं उत्तर पानावर गेलं पाहिजे.

सगळा माल एकदम लिहायला घेऊ नका. परफॉर्मन्स अहवालात ज्या पानांचं स्थान ८ ते २० यांच्या दरम्यान आहे आणि इम्प्रेशन भरपूर आहेत, ती आधी घ्या. थोडक्या कामात हलतात ती हीच.

शीर्षकात वस्तूचं नाव, माप आणि प्रकार आधी, दुकानाचं नाव शेवटी. मेटा डिस्क्रिप्शनने (निकालात शीर्षकाखाली येऊ शकणाऱ्या वर्णनाने) स्थान वाढत नाही, क्लिक वाढू शकतात. मेटा कीवर्ड्सचा रकाना रिकामा सोडा. तो रँकिंगसाठी वापरत नाही हे गूगलने २००९मध्येच सांगितलंय. एआयकडून शेकडो वर्णनं एका रात्रीत काढून चढवायचा मोहही आवरा. नव्या माहितीविना ढिगाने बनवलेली पानं, मग ती यंत्राने लिहिलेली असोत वा माणसाने, मार्च २०२४पासून गूगलच्या स्पॅम-धोरणात नावानिशी आहेत.

९. स्ट्रक्चर्ड डेटा

किंमत, चलन, उपलब्धता. रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये वस्तूचं पान टाका आणि आलेली किंमत पानावरच्या किमतीशी ताडून पाहा. थीम आणि प्लगइन दोघेही आपापला डेटा घालतात आणि दोन वेगळ्या किमती जातात, हा नेहमीचा गोंधळ. एकाचा बंद करा. पानावर न दिसणारे किंवा बनावट रिव्ह्यू डेटामध्ये घालू नका, त्यावर मॅन्युअल अ‍ॅक्शन येते.

१०. वेग, तोही मोबाइलवरचा

जुलै २०२४पासून गूगल साइटची मोबाइल आवृत्तीच पाहतं. डेस्कटॉपवर असलेलं वर्णन मोबाइलवर कोडमधूनच काढून टाकलं असेल तर ते गूगललाही नाही. उघडमिट होणाऱ्या पट्टीत असेल तर चालतं.

चांगल्याची हद्द अशी: मुख्य चित्र २.५ सेकंदांत, दाबल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत, पान उघडताना मजकुराची सरकासरक ०.१ किंवा कमी. आणि हे चारपैकी तीन भेटींत तरी जमलं पाहिजे. दुकानांत दोषी बहुतेक दोनच: काही एमबींचं मूळ छायाचित्र आणि वापर संपलेली अ‍ॅप्स. चित्र वेबपी या हलक्या प्रकारात, लागेल तेवढ्याच रुंदीचं द्या. वस्तूच्या मुख्य चित्राला लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच चित्र आणणं) लावू नका, कारण मग तेच सर्वांत उशिरा येतं. काढून टाकलेल्या अ‍ॅपचं कोड थीममध्ये उरलंय का, तेही बघा. वेग ९०वरून १०० गुणांवर नेण्यात मात्र पैसे घालू नका. मजकूर रद्दी असेल तर वेगाने तो वर येत नाही.

कुठे थांबायचं

दुरुस्ती केल्यावर काही आठवडे हात बांधून बसा. काही बदल तासांत दिसतात, काहींना महिने लागतात. दर तीन दिवसांनी शीर्षकं बदलत राहिलात तर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येणार नाही.

पुढच्या गोष्टींना मात्र स्वतः हात लावू नका:

- साइटमध्ये घुसखोरी झाली आहे.
- सर्च कन्सोलच्या क्रॉल आकडेवारीत ५००च्या मालिकेतल्या चुका वाढताहेत. ते सर्व्हर सांभाळणाऱ्याचं काम.
- लाइव्ह टेस्टमधल्या एचटीएमएलमध्ये वस्तूचं नाव आणि किंमत सापडत नाही, म्हणजे सगळं पान जावास्क्रिप्टने भरतंय आणि गूगलपर्यंत पोचत नाहीये.
- डोमेन किंवा प्लॅटफॉर्म बदलायचा आहे. जुना प्रत्येक पत्ता कोणत्या नव्या पत्त्यावर जाणार, याचा तक्ता बदलाच्या आधी लागतो, आणि रीडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवावे लागतात. पत्ते बदलून गेल्यावर बोलावलेला माणूस जुने पत्ते लॉगमधून वेचत बसतो. त्याचं बिल वेगळं.
- विकत घेतलेल्या लिंकांवरून मॅन्युअल अ‍ॅक्शन आली आहे. ती आली नसेल तर डिसअव्हाउच्या, म्हणजे लिंका नाकारल्याचं गूगलला कळवण्याच्या, भानगडीत पडू नका. चांगल्या लिंका हातच्या जातील.

माणूस निवडताना ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ ऐकली की नमस्कार करून निघा, अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. पासवर्ड देऊ नका. सर्च कन्सोलमध्ये त्याला वापरकर्ता म्हणून जोडा. पाहणीपुरता ‘रिस्ट्रिक्टेड’ अधिकार पुरे, ओनर तुम्हीच राहा. त्याला पहिल्या दिवशी चार गोष्टी द्या: घसरणीची तारीख, त्या सुमारास बदललेल्या थीम-प्लगइनची यादी, बाधित झालेल्या दहा पानांचे पत्ते आणि घसरणीच्या आधीचा बॅकअप.